साखळी कुठवर पोचते

एकदा इराणातल्या एका जुन्या शहरात एक विद्यार्थी परदेशातून परत आला. सोबत पुस्तकांची पेटी होती आणि तोंडात एक नवा शब्द होता, स्वातंत्र्य. सरहद्दीपलीकडच्या तिफ्लिस शहरात, चहाच्या दुकानांत त्याने तो ऐकला होता, आणि आता जेवताना, चालताना, केस कापून घेतानाही तो त्याच्या ओठांवर असे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी त्याची अवस्था होती.

त्याचे वृद्ध उस्ताद शहरातल्या दर्ग्याचे रखवालदार होते आणि धर्मशास्त्राचे जाणकारही. रोज दुपारी विद्यार्थी त्यांना आपली पुस्तके वाचून दाखवी. उस्ताद भिंतीला टेकून, डोळे मिटून बसत. ते ऐकतात की डुलक्या घेतात, हे त्या बिचाऱ्याला कधी कळले नाही.

त्या दर्ग्याच्या दारावर एक लोखंडी साखळी होती. राजाने किंवा सुभेदाराने ज्याच्यावर हात उगारला, तो माणूस धावत येऊन ती साखळी धरी. साखळी हातात असेतो त्याला कोणी शिवत नसे. आणि ती ओलांडून अंगणात गेला की तिथेही तो निर्भय. अशा शरण येण्याला तिकडे बस्त म्हणत. येणारेजाणारे त्या साखळीला ओठ लावत, तेव्हा विद्यार्थ्याचा जीव चरफडे. साखळ्या तोडायच्या असतात, त्यांचे मुके कसले घेता, असे तो पुन्हा पुन्हा म्हणे.

त्या दिवसांत अंगणात सुक्या जर्दाळूंचा एक व्यापारी वसंतापासून राहत होता. सुभेदाराने गव्हाची कोठारे दाबून ठेवली आहेत, एवढेच तो भर बाजारात बोलला होता. खरे बोलला, म्हणूनच झोंबले. बाहेर पाऊल पडताच तळपायांवर छड्या बसणार हे ठरलेले होते, आणि शिपाई कोपऱ्यावर ठाण मांडून होते.

एके सकाळी निरोप आला की त्याची आई शेवटच्या घटका मोजते आहे, पाणीसुद्धा घेत नाही, फक्त त्याचे नाव घेते आहे. घर बाजारापलीकडच्या गल्लीत. दर्ग्याच्या मिनाराच्या पायरीवरून त्या घरचे अंजिराचे झाड दिसे. व्यापारी तिथे उभा राहून ते झाड बघत राहिला.

विद्यार्थ्याचे रक्त तापले. माणूस जन्मतः स्वतंत्र आहे, त्याने ताठ मानेने बाहेर चालत जावे, असे तो म्हणाला.

"आणि छड्या कुणाच्या पायांवर?" उस्तादांनी विचारले.

मग त्यांनी एक विचित्र काम केले. दारावरच्या साखळीचे एक टोक त्यांनी स्वतःच्या हातांनी सोडवले, आणि बाजारातल्या प्रत्येक दुकानातून मिळेल ती साखळी मागून आण, असे विद्यार्थ्याला सांगितले. साठी बुद्धी नाठी, असे मनात म्हणत तो निघाला. कुणी विहिरीच्या पोहऱ्याची साखळी दिली, कुणी दिव्याची, एका उंटवाल्याने उंटाच्या पायातली. तांबटाने कड्यांत कडी अडकवून सगळ्या एकमेकींना जोडल्या, आणि पहिली कडी दर्ग्याच्या साखळीत अडकवली.

दुपार झाली होती. उन्हात धूळ सोनेरी दिसत होती आणि कबुतरे घुमटावर गप्प बसली होती. साखळी गल्लीतून सरकू लागली. जिथे ती जड होऊन खाली झुकली, तिथे दुकानातून कोणीतरी उठून आले आणि तिला हात दिला. रोट्या भाजणारा नानबाई आला, रंगारी आला, बुरख्यातल्या दोन बायका आल्या. लोखंडाची मंद किणकिण तेवढी ऐकू येत होती, आणि आपण झोपेत चालतो आहोत की जागेपणी, हे विद्यार्थ्याला कळेना. साखळी धरून व्यापारी पुढे पुढे चालला होता.

शिपायांच्या नायकाने वाट अडवली. ही विहिरीची साखळी आहे, ही उंटाची, दर्ग्याची नव्हे, असे तो म्हणाला.

"असेल," उस्ताद म्हणाले. "दर्ग्याची कुठे संपते, तेवढं दाखव. तिथे त्याला धर."

नायक कडी न् कडी पाहत दर्ग्याच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. ज्या ज्या कडीवर त्याने बोट ठेवावे, तिथे कुणाचा तरी हात होता. शेवटी तो बाजूला झाला. व्यापारी अंजिराखालच्या दारातून आत गेला.

बाहेर सगळे साखळी धरून उभे राहिले. विद्यार्थ्याच्या वाट्याला उंटाची साखळी आली होती. तिचा वास येत होता. बऱ्याच वेळाने उस्ताद हलक्या आवाजात बोलू लागले.

"बेटा, राजाचा हात कुठेतरी थांबला पाहिजे, हे आमच्या बापजाद्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ही साखळी टांगली. पण तो ह्या दारापाशीच का थांबावा, गल्लीत का नाही, घरात का नाही, हे आम्ही कधी विचारलंच नाही. ते तुझ्या पुस्तकांनी विचारलं. मी झोपलो नव्हतो."

विद्यार्थ्याने उंटाची साखळी दुसऱ्या हातात घेतली. त्याने विचारले, "पण उस्ताद, हे असं रोज धरून उभं राहायचं?"

"तुझे हात काय म्हणतात?"

"दुखताहेत."

"दुखणारच. म्हणून तर कायदा लिहायचा, त्याखाली राजाची सही घ्यायची. हात दमले तरी लिहिलेलं उभं राहतं. आणि राजा सही विसरला, तर पुन्हा हात आहेतच."

ऊन उतरले तसा व्यापारी बाहेर आला. आई त्याच्या हातून पाणी प्याली होती. आजची रात्र इथेच राहा, असे तिने विनवले होते, आणि त्याला नाही म्हणावे लागले होते. लोकांचे खांदे भरून आले होते; अंधार पडेतो साखळी तोलून धरणे कुणाला जमले नसते. मागे वळून न बघता तो साखळी धरून दर्ग्याकडे परत गेला. आई पहाटे गेली.

पुढे त्या देशात लोक राजाकडे संविधान मागू लागले. विद्यार्थी गावोगाव फिरे. तुम्ही राजाकडे नेमके मागता तरी काय, असे शेतकरी विचारत, तेव्हा तो पुस्तक उघडत नसे.

"आजारी आईच्या घरी जाता आलं पाहिजे," तो म्हणे. "आणि रात्री तिथेच झोपता आलं पाहिजे."