लखाजीचं उखळ

तुम्ही ज्या ओट्यावर बसला आहात, तिथून समोर बघा. दरीच्या पलीकडे जो काळा कडा दिसतो तो म्हैसकडा. त्याच्या आणि आपल्या मध्ये खाली कापरी नदी आहे. झाडीमुळे ती इथून दिसत नाही. तिच्या पात्रात एका सपाट खडकाला उखळासारखा गोल, खोल खळगा पडलेला आहे. त्यात एक गुळगुळीत गोटा आहे. पाणी वाहतं असलं की तो गोटा आत उचलला जातो आणि आपटतो. ठक... ठक... असा आवाज वर गावापर्यंत येतो. त्याला आमच्याकडे लखाजीचं उखळ म्हणतात.

ही कोपऱ्यातली फळी आधी दाखवते, मग गोष्ट सांगते. हे लाकडी उखळ आणि मुसळ. ही चौकोनी लाकडी पेटी म्हणजे मांडीवर धरून फिरवायची चक्की. वर पितळी वाटी, खाली पूड पडायला छोटा खण. हे भिंतीला ठोकायचं बिडाचं यंत्र, याला शिवणयंत्रासारखं चाक आहे. ते माझ्या सासऱ्यांच्या वेळचं. आणि हे विजेचं, रोजच्या वापराचं. जातं मात्र फळीवर मावत नाही. ते बाहेर, चावडीपाशी आहे. ह्या सगळ्यांनी एकच काम केलं, कॉफीचे दाणे दळायचं. पण प्रत्येकाचा आवाज वेगळा. आमची गोष्ट त्या आवाजाची आहे.

असं सांगतात की फार पूर्वी ह्या डोंगरावर एका गोऱ्या साहेबाने कॉफीची झुडपं लावली. हवा थंड, धुकं भरपूर, झुडपं रुजली. मजूर आले, झोपड्या झाल्या. मग एका वर्षी पटकीची साथ आली. माणसं भराभर गेली. साहेब निघून गेला तो परत आला नाही. उरलेली माणसं खाली मैदानात उतरली. टेकडीवर राहिली ती एकटी सोनाय.

तिचा नवरा बुदा त्या पटकीतच गेला होता. जाण्याआधी तो तिला म्हणाला होता, "झुडपाले एकटं सोडजो नको." तेवढ्या एका वाक्यावर ती राहिली. मुलगी झमकू लग्न होऊन परतवाड्याला गेलेली. वर्षातून एकदा यायची, आईला खाली चल म्हणायची, आणि एकटीच परत जायची.

पलीकडे म्हैसकड्यावर लखाजी गवळी राहत होता. तोही एकटा. बायको तिथेच मातीला मिळालेली, भाऊबंद म्हशी घेऊन दुसऱ्या रानात गेलेले. त्याच्याकडे दोन म्हाताऱ्या म्हशी होत्या. साहेबाच्या बंगल्यावर दूध घालता घालता त्याला कॉफीची सवय लागली होती. साहेब गेला, सवय राहिली.

उन्हाळ्यात नदीला पाणी कमी असायचं. तेव्हा दोघं पात्रातल्या त्या सपाट खडकावर भेटत. तो तूप आणायचा, ती वाळवलेले दाणे आणायची. थोडं बोलणं व्हायचं. पण आषाढ लागला की नदी भरायची, धुकं उतरायचं, आणि पुढचे चार महिने ह्या टेकडीवरून ती टेकडी दिसायची नाही. चुलीचा धूर दिसायचा नाही, दिवा दिसायचा नाही. ऐकू मात्र यायचं.

सोनाय कॉफी जात्यावर दळायची. पिठाचं जातं कॉफीला तसंच चालत नाही. दाणा चिरडून त्याचं पीठ होतं आणि कॉफी गढूळ लागते. म्हणून ती खालच्या तळीच्या मधल्या खुंटीवर चामड्याची चकती घालून वरची तळी जराशी उचलून ठेवायची. मग दाणा रव्यासारखा फुटायचा. पण तळी अशी सैल असली की ती डुगडुगते, आणि घरघरीच्या मध्येच खडखड करते. तो आवाज थेट म्हैसकड्यावर पोचायचा.

लखाजीकडे उखळ होतं. पुरुषाने जात्यावर बसू नये, अशी त्याच्या माणसांत समजूत होती. बायको गेल्यावर त्याने तिचं जातं भिंतीला उभं करून ठेवलं आणि स्वतःसाठी सागाचं उखळ कोरलं. उखळात दाणा सारखा कुटला जात नाही, निम्मा भरड राहतो, निम्म्याची धूळ होते. त्याचं त्याला काही नव्हतं.

एका उन्हाळ्यात खडकावर भेटले असताना तो तिला म्हणाला, "तुह्यं जातं लय बेसूर हाय व बाई. जसं कोनी दगडं दातानं खाऊन राह्यलं."

"अन् तुमचं उखळ?" सोनाय म्हणाली. "म्हैस पाय आपटते का मानूस कुटते, काही समजत नाही."

तो हसला. मग म्हणाला, "समजते ना पन. कोनी तरी हाय, एवढं समजते."

त्या दिवशी दोघांत एक बोली झाली. रोज सकाळी आधी तिने दळायचं. तिचं जातं थांबलं की त्याने कुटायचं. ज्या सकाळी जातं वाजणार नाही, त्या सकाळी तो नदी ओलांडून येईल.

"पूर असला तर?" तिने विचारलं.

"म्हशी येतात पुरातून. मी त्याहीच्यातलाच."

"अन् तुमचं उखळ नाही वाजलं तर मी काय करू? मले पोहता येत नाही, गवळीदादा."

"तू जातं फिरवत राहजो. मी मेलो असलो तरी उत्तर देईन."

असं तो हसत म्हणाला म्हणे. ती रागावून उठून गेली. असं अभद्र बोलतात का?

अशी तीन-चार वर्षं गेली असतील. पावसाळ्याचे चार महिने सोनायला माणसाचं तोंड दिसत नसे. ती झुडपांशी बोलायची, चुलीशी बोलायची. पण सकाळी जातं थांबवून ती हात तसाच खुंट्यावर ठेवून बसायची, आणि धुक्यातून ठक... ठक... आलं की मगच उठायची. मग पाणी उकळायचं, पूड टाकायची, फडक्यातून गाळायची. दिवसाची सुरुवात तिथून.

सोनायचा उजवा खांदा धरू लागला. झमकूने ते पाहिलं होतं. तिचा नवरा परतवाड्याला एका बंगल्यात खानसामा होता. तिथली मंडळी गाव सोडून गेली तेव्हा त्यांनी नको असलेल्या वस्तू नोकरांत वाटल्या. त्यात झमकूच्या नवऱ्याला ही पेटीची चक्की मिळाली. झमकूने ती दुसऱ्या कुणाला दिली नाही. श्रावणात, टेकडीच्या ह्या बाजूची वाट चिखलाची पण चालण्यासारखी असते, त्या वाटेने तिने एका लाकूडतोड्याबरोबर ती आईला पाठवली. निरोप दिला, "मायले सांगजा, आता त्या जात्यावर खांदा मोडू नको."

लाकूडतोड्या तिसऱ्या प्रहरी आला, पेटी ठेवून लगेच उतरला. सोनाय संध्याकाळपर्यंत ती पेटी पुसत बसली. लेकीने पाठवलेली वस्तू. तिचा वास घेऊन बघितला, खण ओढून बघितला, परत लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं होतं की अंगणातलं तुळशीचं रोप दिसेना. सोनायने दाणे भाजले. पितळी वाटीत ओतले, पेटी मांडीवर घेतली आणि दांडा फिरवू लागली. कुर्र, कुर्र, कुर्र. मांजर मांडीवर झोपावं तेवढाच आवाज. खांद्याला कळ नाही. खण उघडला तर पूड एकसारखी, बारीक, कपाळाला लावावी अशी. ती एकटीच हसली.

मग दांड्यावर हात ठेवून ती उत्तराची वाट बघत बसली.

उखळ वाजलं नाही.

तिला वाटलं, आज दादा उशिरा उठला. आणखी थोडं थांबली. भाजलेल्या दाण्यांचा वास खोलीत थंड होत गेला. मग तिच्या मनात आलं, त्याला बरं नाही. ताप असेल. म्हशीने लाथ मारली असेल. ती दारात येऊन उभी राहिली. पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं, आणि खालून नदीचा आवाज येत होता. नदी त्या दिवशी फार मोठ्याने बोलत होती.

किती वेळ ती तशी उभी होती कुणाला ठाऊक. कोपऱ्यात जातं होतं. त्याच्यावर तिची नजर गेली, आणि तेव्हा तिला कळलं.

माणूस पन्नास वर्षं जात्यावर बसला की जात्याचा आवाज त्याला ऐकू येत नाही. दळणं म्हणजे आवाज होणारच, हे ती धरून चालली होती. दळलं, म्हणजे त्याला कळलं. पेटीने दाणे दळले, पण निरोप गेला नव्हता. ज्याची ती वाट बघत होती, तोही पलीकडे तिचीच वाट बघत उभा राहिला असणार. आणि बोली काय झाली होती?

सोनाय जात्यावर जाऊन पडली म्हणा ना. दाणे टाकायलाही ती थांबली नाही. रिकामं जातं दोन्ही हातांनी फिरवू लागली. दगडावर दगड, सगळी टेकडी घरघरली. मध्ये थांबायची, ऐकायची. परत फिरवायची. "दादा, येऊ नका! मी हाय!" असं ओरडायची. पण तो तोपर्यंत कडा उतरून नदीपाशी आला होता असं म्हणतात, आणि नदीपाशी उभ्या माणसाला नदीशिवाय काही ऐकू येत नाही.

दुपारपर्यंत ती फिरवत होती. तळव्याचं रक्त खुंट्याला लागलं.

तिसऱ्या दिवशी धुकं फाटलं, पाणी ओसरलं. ती खाली उतरली. अलीकडच्या काठापासून हातभर अंतरावर, एका मुळाला त्याची घोंगडी अडकली होती. घोंगडीच्या टोकाला एक भोपळा बांधलेला होता, गवळी दूध नेतात तसा. बूच घट्ट होतं. आत दूध होतं, नासलेलं. आजारी माणसाकडे जायचं म्हणून तो घेऊन निघाला असावा.

लखाजी सापडला नाही.

सोनायने त्या खडकावर हात ठेवून शपथ घेतली. मुकं दळण आयुष्यात दळणार नाही. आणि पलीकडून उत्तर येईपर्यंत कॉफीचा घोट घेणार नाही. त्यानंतर ती रोज सकाळी रिकामं जातं फिरवायची, थांबायची, ऐकायची, आणि उठून कामाला लागायची. झुडपांना फळ आलं, ते तिने तोडलं, वाळवलं, पण भाजलं नाही. त्या हिवाळ्यात पटकीच्या भीतीने गेलेली चार घरं परत आली. त्यांना वाटलं म्हातारी भ्रमली. कुणी विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं, आणि एक गोष्ट मागितली. झमकूला हे सांगायचं नाही.

झमकू आली की विचारायची, "चक्की कशी चालते व माय?"

"बरी चालते," सोनाय म्हणायची.

पुढचा श्रावण आला. तसंच धुकं, तशीच भरलेली नदी. सोनायने जातं फिरवलं, थांबवलं, खुंट्यावर हात ठेवून बसली. आणि दरीतून आवाज आला. ठक. मग थोडा वेळ काही नाही. मग परत, ठक... ठक...

शेजारच्या घरांतली माणसंही बाहेर आली असं सांगतात. सगळ्यांनी ऐकलं. पाणी उतरल्यावर जाऊन पाहिलं, तर दोघं भेटायचे त्या सपाट खडकात उखळ पडलं होतं आणि आत गोटा होता. काही जण म्हणतात, खळगा आधीपासूनच असेल, त्या वर्षी प्रवाह फिरला म्हणून गोटा वाजला. असेलही. आम्ही त्यांच्याशी भांडत नाही. पण सोनायने त्या सकाळी दाणे भाजले, जात्यावर दळले, दोन वाट्या कॉफी केली. एक तिने घेतली. दुसरी पाण्यात ओतायला नदीपर्यंत जाता येत नव्हतं, म्हणून दरीकडे तोंड करून उंबऱ्यावर ठेवली.

ती पेटी हीच. सोनायने ती परत वापरली नाही आणि टाकलीही नाही, लेकीची वस्तू. खण बंदच आहे. त्यात त्या सकाळची पूड आहे म्हणतात. मी कधी उघडून बघितलं नाही, तुम्हीही उघडू नका.

आजही गावात घरोघरी विजेची यंत्रं असली, तरी सकाळी आधी चावडीचं जातं फिरतं, रिकामंच. घरं पाळीने येतात. आणि आजूबाजूच्या गावांत हसतात, पण आमच्याकडे पुरुषही जात्यावर बसतात. लखाजी बसला असता तर जात्याने खांदा कसा धरतो ते त्यालाही कळलं असतं, एवढंच जुनी माणसं म्हणतात. जातं थांबलं की सगळं गाव गप्प होतं. दरीतून ठक आलं की मग यंत्रं सुरू.

उन्हाळ्यात नदी आटते. गोटा खळग्यात पडून राहतो, वाजवायला पाणी नसतं. तेव्हा ज्याची पाळी त्या घरातलं एक माणूस पहाटे मुसळ घेऊन खाली उतरतं आणि वरून जातं ऐकू आलं की उखळात तीनदा ठोकतं. ज्या घरात एकच माणूस आहे, त्या घरासाठी शेजारचं कुणी उतरतं. त्याला सांगावं लागत नाही.

उद्या सकाळी लवकर उठलात तर चावडीपाशी या. जात्याला हात लावा, कुणी नाही म्हणणार नाही. थांबवल्यावर खुंट्यावरचा हात काढू नका. किती वेळ ठेवायचा, असं पाहुणे विचारतात.

उत्तर येईपर्यंत.