जळलेल्या उताराची मुळं

फार मागची गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या वरचा उतार धोंडाई नावाच्या बाईच्या घराच्या मालकीचा होता. त्यावर पळस, ऐन अशी झाडं आणि कमरेएवढं गवत होतं. एका चैत्रात तिथे वणवा लागला. तो विझवायला गेलेला धोंडाईचा नवरा परत आला नाही.

तेराव्यानंतर धोंडाई काळ्या उताराकडे बघत म्हणाली, "या रानानं माझा माणूस खाल्ला. एक खुंट ठेवायचा नाही."

तिचा दीर गोंदाजी खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, एक पावसाळा थांबा."

"कशासाठी, भावजी? मेलेलं कधी उठतं का?"

गोंदाजीने गडी बोलावले. दुसऱ्याच दिवसापासून ते खुंट खणायला लागले. वैशाख सरेपर्यंत निम्मा उतार मुळासकट खणून झाला.

मग एका सकाळी धोंडाईने स्वतः कुदळ घेतली आणि एका पळसाच्या खुंटावर घातली. वरचा कोळसा उडाला. हातभर खाली गेल्यावर मूळ लागलं. ते ओलं होतं आणि घाव बसला तिथून लाल चीक वाहत होता. मुळाच्या मानेवर कोंबांचे बारीक डोळे फुटले होते.

तिने कुदळ बाजूला ठेवली. ती शेजारच्या ऐनाकडे गेली. त्याची जाड साल बोटभर जळली होती, पण खरवडल्यावर आतला थर हिरवा निघाला. गवताचा ठोंब उपटायला गेली, तर तो हलेना. पातळ सालीची काही झाडं मात्र खरोखर मेली होती. त्यांच्यापाशी ती बराच वेळ बसून राहिली. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती, ती तिथे रडली.

"काम थांबवा, भावजी," ती म्हणाली. "यांनी अजून माती सोडलेली नाही."

आषाढात पाऊस कोसळला. राखलेल्या उतारावर आधी गवत उगवलं, त्याने माती धरली. मग पळसाला धुमारे आले. ऐन सगळ्यात मागून पालवला. पण खणलेल्या उतारावर माती धरायला काहीच उरलं नव्हतं. तो एका रात्रीत खाली आला आणि पायथ्याचं गोंदाजीचं शेत गाडलं गेलं.

धोंडाई त्याच्या दारात गेली. "माझ्यामुळे झालं हे."

गोंदाजीने कुदळ खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "चला, उघड्या पडलेल्या उतारावर आधी गवत लावू."

पुढे दरवर्षी दोघं तिथे गवताचे ठोंब लावत, बिया टाकत. राखलेल्या बाजूचा पळस फुललेला धोंडाईने डोळे भरून पाहिला. ती वारली तेव्हा खणलेल्या बाजूला मात्र अजून नुसतं गवतच होतं.

तात्पर्य इतकंच: कुणी खोल मुळाने तगतं, कुणी जाड सालीने, कुणी लवकर उगवून. या वेगवेगळ्या गुणांवरच रान पुन्हा उभं राहतं. म्हणून जळलेल्याला दुःखाच्या भरात मेलेलं समजून उपटू नये.