भिवरा सुतारणीच्या तीन पेट्या

एकदा काय झालं, एका गावातली झोप रुसली आणि डोंगरावर जाऊन बसली. पांढऱ्या धुक्यासारखी, मऊ मऊ. गावात घरं छत्तीस, सगळी टक्क जागी. बैलसुद्धा नुसते डोळे मिचकावत उभे.

त्या गावात भिवरा नावाची सुतारीण होती. तिची तान्ही लेक सगुणा जागून जागून इतकी दमली, की तिला रडताही येईना. भिवराच्या जिवाला घोर लागला. मग ती डोंगर चढली. तिथं झोपेची राखण करणारी एक म्हातारी होती. म्हातारीनं सांगितलं, तीन दिवस ये, रोज एक पेटी भरून झोप देईन. पहिल्या दिवशी एक हात लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच पेटी आण. दुसऱ्या दिवशी सगळीकडून दोन हात, तिसऱ्या दिवशी तीन हात. मग मात्र दार बंद.

पहिल्या पेटीत एका घराची झोप मावली. ती शेजारच्या घराला गेली. वाढणाऱ्यानं शेवटी जेवायचं, अशी त्या गावची रीत, बरं का.

दुसऱ्या पेटीला गावचे कारभारी म्हाळबा म्हणाले, पेटी दुप्पट, म्हणजे घरं दोन. झोप वाटली, तर आठ घरं घोरू लागली! लोकांना वाटलं, जादू. कसली जादू? दोन लांबीला, दोन रुंदीला, झाले चार. त्यावर तेवढाच आणखी एक थर. आठच की नाही?

मग उरली सत्तावीस घरं. तिसऱ्या पेटीत किती घरांची झोप मावेल ते दाखवायला भिवरानं लाकडाचे छोटे चौकोनी ठोकळे डिंकानं चिकटवले, एक ठोकळा म्हणजे एक घर. तीन-तीनच्या तीन रांगांचा एक थर, असे तीन थर. म्हाळबांनी वरून, खालून, चारी बाजूंनी मोजले. सव्वीसच भरले.

"भिवरे, एक घर राहणार गं," ते हळूच म्हणाले. शेवटचं घर कुणाचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. माना खाली गेल्या.

"कारभारी, मधोमध एक आहे," भिवरा म्हणाली. "तो दिसत नाही, एवढंच."

कुणाला पटेना. तिसरी पेटी आली. लहान पेटीनं मापून मापून भिवरानं दारोदार झोप वाटली. सव्वीस घरं निजली, म्हाळबाही निजले. आता जागी फक्त ती आणि सगुणा. भिवरानं भीत भीत पेटीत हात घातला. हाताला मऊ मऊ लागलं. बरोबर एक माप.

तिनं ते लेकीवर पांघरलं. सगुणानं एवढीशी जांभई दिली आणि डोळे मिटले. भिवरा तिथंच तिच्या कुशीशी कलंडली.

सकाळी गाव उशिरा उठलं आणि पुढं सुखानं नांदलं. चला, आता तुम्हीही मिटा बघू डोळे.