सोन्याच्या कड्यातला आंबा

फार पूर्वी चंपानगरीत राजा दीर्घबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा सर्वांत तरुण मंत्री होता. युवराजाच्या बारशाला राजाने उद्यानात आंब्याचे रोप लावले आणि त्याच्या खोडाला सोन्याचे कडे घातले. कडे अभंग तोवर युवराजाचे आयुष्य अभंग, असे पुरोहिताने सांगितले होते.

रोपाचे झाड झाले. युवराज घोड्यावर बसू लागला, त्या वर्षी आंबे कधी नव्हे इतके गोड निघाले. झाडाची स्तुती करील त्या मंत्र्याला राजा एकेक गाव देऊ लागला. बोधिसत्त्वाची पाळी आली. त्याने कड्यावरचे फुगलेले खोड पाहिले, खालचे रोडके खोड पाहिले आणि थोडी माती उकरली. मुळे काळी पडली होती.

"महाराज, गाव नको. कडं कापा, नाहीतर झाड मरेल."

"कालचं पोर आम्हाला झाडं शिकवतंय!" पुरोहित हसला. "पानं हिरवीगार, फळं साखरेसारखी, आणि म्हणे मरेल! युवराजांच्या जिवावर उठलास का रे?"

राजाचा हात तलवारीकडे गेला. बोधिसत्त्व जागचा हलला नाही.

"आचार्य, पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, म्हणून पानं हिरवी. पण पानांनी उन्हात रांधलेलं अन्न सालीतून खाली उतरतं. ते कड्यापाशी अडलंय. मुळांच्या तोंडचा घास फळं खाताहेत, म्हणून ती गोड." मग तो राजाकडे वळला. "महाराज, युवराजांचा बारशाचा वाळा कुठे आहे?"

"तो केव्हाच कापून काढला. पाय वाढला, वाळा रुतायला लागला..." राजा बोलता बोलता थांबला. तलवारीवरचा हात खाली आला. त्याने सोनाराला बोलावणे धाडले.

कडे कापले गेले, आणि युवराज धडधाकट राहिला. पण पुढच्या उन्हाळ्यात आंबे थोडे लागले, तेही आंबटसर.

"घ्या, ऐका आणखी पोरांचं!" पुरोहित म्हणाला.

राजाने गुडघे टेकून स्वतः माती बाजूला सारली. काळ्या मुळांना पांढरी, कोवळी मुळे फुटली होती. त्याने एक आंबा पुरोहिताच्या हातावर ठेवला.

"खा, आचार्य. यंदा मुळं जेवलीत."

आपल्या पूर्वजन्माची ही गोष्ट सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तो पुरोहित म्हणजे आत्ताच एका तरुण भिक्षूला गप्प बसवणारा हा वृद्ध उत्तिय. तो राजा म्हणजे तोच तरुण भिक्षू. आणि तरुण मंत्री मी होतो. दिसते त्याच्या आत पाहणे आणि पाहिलेले निर्भयपणे सांगणे, हीच प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची परिपूर्णता."