करपलेला काठ

"…मग तुम्हीच सांगा बाई, त्या गावात आणि आपल्या देशात फरक काय राहिला?"

ऋजुतानं कादंबरी मिटून ओट्यावर ठेवली. वाचून वाचून पुस्तकाची शिवण उसवली होती.

शेवंताबाई परातीत भाकरीचे तुकडे मोकळे करत होत्या. महानुभावांच्या त्या छोट्या आश्रमातल्या त्या सर्वांत ज्येष्ठ संन्यासिनी. गावातून भिक्षा आली की सगळ्या झोळ्या एकाच परातीत रिकाम्या व्हायच्या आणि सगळं एकत्र कालवलं जायचं. कोणत्या घरचं काय, हे खाणाऱ्याला कळू नये म्हणून.

"गोष्ट परत सांग," बाई म्हणाल्या.

"किती वेळा?"

म्हाताऱ्या माणसांना ऐकायला वेळ असतो, उत्तर द्यायला नसतो. तरी तिनं सांगितली.

नदीकाठचं गाव. एक माणूस येतो, म्हणतो, तुमच्या नावा जुन्या झाल्या, त्या मला देऊन टाका, मी पूल बांधतो. लोक देतात. पूल होतो, ढोल वाजतात. मग पुलाला फाटक लागतं. फाटकावर पहारेकरी बसतो. आणि एक दिवस फाटक उघडतच नाही. अख्खं गाव काठावर उभं, आणि नाव एकही नाही.

"आता इकडे बघा. बंदरं, फोन, बातम्या, सगळं मूठभर लोकांकडे. संसदेत प्रश्न विचारला तर बाकं वाजतात, उत्तर येत नाही. घरचं बियाणं होतं, तेही गेलं. प्रत्येकानं आपापली नाव नेऊन दिली, बाई. हसत हसत. सकाळी पेपर उघडला की मला कादंबरीचं पुढचं पान दिसतं."

"खरं आहे."

ऋजुतानं मान वर केली. ती भांडायच्या तयारीनं आली होती.

"लिहिणारा शहाणा आहे," बाई म्हणाल्या. "…तुझ्या बाबांचं दुकान त्यात कुठं येतं?"

गावच्या बाजारपेठेत तिच्या वडिलांचं, गुणवंतरावांचं, बियाण्याचं दुकान होतं. घरचं बियाणं कशाला ठेवता, कंपनीचं घ्या, हे गावाला पटवणारे तेच. पोळ्याला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना ती त्यांना म्हणाली होती, "तुम्ही पूलवाले आहात." आणि बॅग उचलून आश्रमात आली होती. आई गेल्यापासून त्या घरात दोघंच होती. आता एकच.

"ते पूलवाले," ती म्हणाली. "कादंबरीतल्या पूलवाल्यालाही मुलगी असते. ती एक नाव लपवून ठेवते. शेवटी त्या नावेतून निघून जाते."

"मागं वळून बघते का?"

ऋजुतानं पुस्तकाची उसवलेली शिवण दाबून बसवली.

"बघते का गं?"

"लिहिलेलं नाही. तिथंच संपतं."

"हं."

बाईंनी तिच्यापुढे ताट सरकवलं. ऋजुता जेवू लागली. वरण, कढी, कुणाकडची वांग्याची भाजी, सगळं एक झालेलं. तिची बोटं सवयीनं फिरली, एक तुकडा त्यांनी शोधून काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"तो का बाजूला?"

"करपलाय."

"करपलेलं टाकतात. तू रोज शेवटी खातेस. सावकाश."

ऋजुताचा हात थांबला.

मध्ये कच्ची आणि काठाला करपलेली भाकरी गावात एकाच घरी होत होती. तव्यावर भाकरी टाकून, गिऱ्हाईक आलं म्हणून पुढं दुकानात जाणारा माणूस गावात एकच होता.

"बाबांना भाकरी जमत नाही," ती म्हणाली. "आई होती तेव्हा ते नुसते…"



"हे आहे का तुझ्या पुस्तकात?"

तिनं तो तुकडा उचलला नाही. त्याच्यावरचं बोटही काढलं नाही.

"ते चुकलेच आहेत, बाई."

"चुकलेच आहेत."

"मी माफी मागणार नाही."

"मी म्हटलं का माग म्हणून?"

बाई उठल्या. खुंटीवरची झोळी काढून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली.

"उद्या बाजारपेठेत तू जा. बाकी सगळ्या गल्ल्या फिरतेस, तेवढी चुकवतेस."

ऋजुतानं झोळी चाचपली. रिकामी होती, तरी पिठाचा वास येत होता.

"दारात ते आले, तर मी काय बोलू?"

"सगळ्या दारांत बोलतेस तेच."

"आणि भाकरी घालूनही आत गेले नाहीत तर? मलाही पाय उचलता आला नाही तर…" तिनं झोळी मुठीत धरली. "घातलं की पुढं व्हायचं, दारात थांबायचं नाही. नियम तुम्हीच घातलाय."

शेवंताबाईंनी परात कमरेवर घेतली.

"तो बाकीच्या दारांना."