येसाईचा गोळा

तेरणेकाठच्या गव्हाळी गावात तळं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर आपल्या आजोबांच्या आजोबांनीही ती आजोबांकडूनच ऐकली होती.

तळं खणायला तिम्मा वडार आला होता. खणता खणता त्याच्या पहारीला एक नाणं लागलं. सोन्याचं, पण झिजून पार गुळगुळीत झालेलं. तिम्मा भला माणूस, त्यानं ते आपणहून चावडीवर नेऊन दिलं. आणि भलेपणाचं फळ काय मिळालं? पाटील म्हणाले, "ही तर देवीच्या माळेतली, आईच्या छापाची हरवलेली पुतळी. चोर सापडला." सोनारानं नाणं हातात घेतलं, पाटलांच्या तोंडाकडं पाहिलं आणि मान डोलावली. तिम्माला भर उन्हात लिंबाला बांधलं. सगळं गाव बघत उभं राहिलं.

येसाई कुंभारणीला हे कळलं तेव्हा ती चाकावर होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं चाक तसंच फिरतं सोडलं, वस्त्रगाळ मातीचा ओला गोळा उचलला आणि चावडी गाठली.

"नाणं द्या, पाटील."

"कुंभारणीला नाण्यातलं काय कळतंय?"

"मला नाय कळत. मातीला कळतंय. डोळ्यांला न दिसणारी रेघ तिला घावते."

तिनं नाणं गोळ्यावर दाबलं, उचललं आणि गोळा उन्हात तिरका धरला. असं म्हणतात, की मातीत एक चेहरा उमटला. आखूड केस, कपाळाला पानांची पट्टी, पोपटासारखं नाक. भोवती कुणालाच न वाचता येणारी अक्षरं.

"ही आपली आई व्हय? आईनं केस कवा कापलं, पाटील?"

लोक हसले. मग सोनाराला कंठ फुटला. तो खाली बघत म्हणाला, "हे दर्यापारच्या राजाचं नाणं हाय. असली नाणी घेऊन पूर्वी व्यापारी इकडं यायचे, आमच्या आज्यानं सांगितलंय. मला मगाशीच वळखू आलं होतं."

पाटलांनी चिडून गोळा चावडीच्या पायरीवर आपटला. असं म्हणतात, की गोळा जसाच्या तसा राहिला आणि तो चेहरा दगडात उमटला.

तिम्माचा दोर सोडला. पण चुकलो म्हणून एकाच्याही तोंडून निघालं नाही, याची चीड येसाईला मरेपर्यंत होती. ती म्हणायची, "पाटील एक होता. बघणारं गाव होतं."

म्हणून गव्हाळीत अजून रीत आहे. कुणाला चोर म्हणायचं असेल, तर म्हणणाऱ्यानं आधी तळ्यातली माती आणायची आणि भर दुपारी त्या लिंबाशी उभं राहून येसाईचा गोळा मळायचा. माती लोण्यासारखी मऊ झाल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही. आणि गावानं नुसतं बघायचं नाही, सगळ्यांनी उन्हातच उभं राहायचं.

बहुतेक जण गोळा निम्मा मळतात, हात धुतात आणि गुपचूप घरी जातात.