वहीतली एक खोटी ओळ

उंच डोंगरातल्या एका गावात वर्षाचे सात महिने बर्फ असे. उरलेल्या पाच महिन्यांत बटाटे, कोबी, सलगम जे पिकेल, त्यावर सगळा हिवाळा काढायचा.

त्या गावात एक म्हातारा माळी होता. बर्फ कधी वितळलं, बी कधी पेरलं, शेवटचं दव कधी गोठलं, हे सगळं तो चाळीस वर्षं वहीत लिहीत आला होता. गाव त्याच्या वहीला विचारूनच पेरणी करी.

एका वर्षी बर्फ फार लवकर वितळलं. माळ्याला मोह झाला. कोणालाही न सांगता त्याने घरामागच्या वाफ्यात पंधरा दिवस आधीच बी टाकलं. कोंभ वर आले आणि एका पहाटे पानांवरचं दव गोठून सगळे काळे पडले. त्याने गुपचूप माती उकरली आणि पुन्हा पेरलं. वहीत मात्र लिहिलं, 'बर्फ लवकर गेलं. लवकर पेरलं. पीक चांगलं आलं.'

बायको म्हणाली, "अहो, रोपं तर जळाली होती ना?"

"पीक आलं ना शेवटी? माझी फजिती कशाला लिहून ठेवू?"

सहा वर्षांनी पुन्हा तसाच वसंत आला. सगळं गाव माळ्याच्या अंगणात जमलं. शेजारची विधवा दोन्ही मुलींना घेऊन आली होती. तिने विचारलं, "काका, असं वर्ष पूर्वी आलं होतं का? तेव्हा काय झालं होतं?"

माळ्याने ती ओळ वाचून दाखवली.

"मग पेरू ना आम्ही?"

खरं सांगितलं असतं, तर एवढ्या लोकांसमोर आपलं खोटं कबूल करावं लागलं असतं. तो म्हणाला, "वहीत तरी तसंच आहे."

गावाने होतं नव्हतं ते बी पेरलं. माळ्याने स्वतः मूठभरही पेरलं नाही.

अकराव्या दिवशी पहाटे दव गोठलं. दुपारपर्यंत सगळी शेतं काळी पडली. हताश लोक माळ्याकडे आले, तर त्याचा वाफा मोकळाच, आणि पडवीत बियाण्याचं पोतं भरलेलं.

"काका, तुम्ही का नाही पेरलंत?" विधवेने विचारलं.

माळ्याने मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. पोतं त्याने गावाला देऊन टाकलं, पण एका पोत्यात गावाचं काय भागणार?

त्या हिवाळ्यात अकरा माणसं गेली. विधवेची धाकटी मुलगीही गेली. माळी तिच्या दाराशी जाऊन उभा राहिला. ती ओरडली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही चुकला होतात, याचं आम्हाला काहीच वाटलं नसतं हो."

माळ्याने ती ओळ खोडली आणि खरं काय घडलं ते लिहिलं. पुढच्या वसंतात तो वही घेऊन अंगणात बसून राहिला. लोक समोरून गेले. ज्याने त्याने आपापल्या अंदाजाने पेरलं. कोणाचं जगलं, कोणाचं जळलं. वहीत आता सारं खरं होतं, पण विचारायला कोणीच थांबलं नाही.

तात्पर्य एवढंच: आपली चूक लपवली, की तिची किंमत आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना मोजावी लागते.